जातिवाचक शिवी: कोणी दिली तर गुन्हा, कोणी दिली तर नाही?

निशिगंध (प्रश्न)

कॉलेजच्या समान संधी कक्षासाठी जातिवाचक शिवीगाळीवर चार पानी माहितीपत्रक मराठीत लिहायचं आहे. बाजारात मिळणारी पत्रकं कलमांचे आकडे देतात आणि थांबतात. मुलं विचारतात ते प्रश्न त्यांत नसतात.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: त्याच समाजातली मुलं एकमेकांना जातीच्या नावाने हाक मारतात ते चालतं, मग दुसऱ्याने मारली तर गुन्हा कसा? हा फरक कायद्यात आहे की नुसता रिवाज? दुसरं, होस्टेलच्या खोलीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा कँटीनमध्ये तोच शब्द उच्चारला तर परिणाम सारखाच होतो का? तिसरं, ईशान्येकडच्या मुलांना ‘चिंकी’ म्हणतात, ते कुठे बसतं? आणि तक्रार करायची तर ती टिकते कशी? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं लिहावं ही विनंती.

---

उलटतपास

फरक रिवाजातला नाही, थेट कायद्यात आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याचं कलम ३(१) सुरूच होतं ते ‘जी व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची नाही’ अशा अर्थाच्या शब्दांनी. म्हणजे आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल तर हे कलम लागूच होत नाही. महार मुलाने मातंग मुलाला किंवा चर्मकाराने आदिवासीला घाण शिवी दिली तरी अ‍ॅट्रॉसिटी नाही. याचा अर्थ तो मोकळा सुटतो असा मात्र नाही. अपमान करून भांडणाला चिथावणी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ आहे, धमकी असेल तर ३५१.

शिवीगाळीसाठी दोन पोटकलमं वापरतात आणि पत्रकात ती वेगळी दाखवा. ३(१)(आर) म्हणजे मानहानी करण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणं किंवा धाक दाखवणं. ३(१)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ. (एस) लावायला जातीचं नाव तोंडातून निघालेलं असावं लागतं. ‘सरकारचे जावई’, ‘कोट्यातून आलेले’, ‘तुमच्यासारख्यांना लायकीच नाही’ यात जातीचं नाव नाही, तेव्हा तिथे (आर) तपासायचं, आणि तो अपमान ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे म्हणूनच झाला हे दाखवावं लागतं. २०१६ पूर्वीच्या निकालांत ३(१)(एक्स) दिसेल, ते (आर)चं जुनं रूप. २०१५ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि (एस) स्वतंत्र झालं. दोन्हींना शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं, शिवाय दंड.

दोन्हींत ‘लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी’ ही अट आहे. सगळ्यात जास्त केसेस इथे पडतात. सार्वजनिक जागा आणि लोकांच्या नजरेतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात सांगितलं. तिथे फिर्यादी फाटकाशी उभ्या गाडीजवळ होता. जागा खासगी असली तरी रस्त्यावरून दिसत-ऐकू येत असेल तर अट पूर्ण होते. घराच्या आत, पण तिथे नातेवाईक-मित्रांखेरीज बाहेरची माणसं हजर असतील, तरीही होते. उलट २०२०च्या हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना बोलल्याचा आरोप होता, शिवाय मूळ वाद जमिनीचा होता. तिथे हे कलम टिकलं नाही. ३१ जानेवारी २०२५च्या करुप्पुदयार निकालातही सरकारी कार्यालयाच्या खोलीतलं बोलणं होतं आणि सहकारी नंतर आत आले होते. तेही प्रकरण रद्द झालं.

तेव्हा होस्टेलचं उत्तर: बंद खोलीत दोघंच असतील तर (आर) आणि (एस) अवघड. दार उघडं आहे, कॉरिडॉरमध्ये मुलं उभी आहेत, मेसच्या रांगेत बोललं गेलं, तर अट पूर्ण. पत्रकात ‘कॉलेजच्या आवारात शिवी दिली तर गुन्हा’ असं सरसकट लिहू नका. त्या भरवशावर मूल तक्रार करतं, केस रद्द होते आणि मग सगळे त्यालाच खोटारडं ठरवतात.

‘मला त्याची जात माहीतच नव्हती’ हा बचाव ओळखीच्या माणसाला सहज मिळत नाही. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कलम ८(क) नुसार न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करायचं ते आरोपीने. वर्गमित्र, शेजारी, रूममेट सगळे यात आले.

---

बोलीचा मागोवा

शब्दांबद्दल लिहितो, कारण पत्रकात ‘निषिद्ध शब्दांची यादी’ छापायचा मोह होतो आणि तिथेच चूक होते.

‘महार’, ‘मांग’, ‘चांभार’, ‘ढोर’ ही शासनाच्या यादीतली नावं आहेत, जातीच्या दाखल्यावर छापलेली. महार रेजिमेंट हे भारतीय लष्कराच्या तुकडीचं आजचं अधिकृत नाव आहे. नाव उच्चारणं हा गुन्हा असता तर तहसील कार्यालयातला कारकून रोज आरोपी झाला असता. गुन्हा घडतो तो वापरात, आणि मराठीत हा वापर ऐकताक्षणी कळतो. जातीच्या नावाला ‘-डा’ किंवा ‘-ट्या’ जोडणं, वयाने मोठ्या माणसाला त्याच नावाने ‘ए’ म्हणून अरेतुरे करणं, किंवा जातीचा काही संबंध नसताना, म्हणजे कोणी घाणेरडं दिसलं, पैशाला चिकट वागलं, की जातीचं नाव विशेषणासारखं फेकणं. हे तिसरं सर्रास चालतं, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण कोणाला काही म्हटलंच नाही. समोर त्या जातीचं कोणी नसेल तर (एस) बसणं कठीण, हे खरं. पण बाकावर शेजारी बसलेल्या मुलीला ते ऐकावं लागतं. म्हणून पत्रकात कायद्याच्या पुढे जाऊन याबद्दल लिहाच.

आता ‘आपसातलं चालतं का’ याचा भाषेच्या बाजूने विचार. स्वतःसाठी शब्द निवडण्याचा हक्क या समाजांनी भांडून मिळवलाय. ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालायला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात विरोध केला आणि सभात्याग केला. दुसऱ्याने वरून ठेवलेलं नाव नको, हा मुद्दा होता. ‘दलित’ हा शब्द मात्र लोकांनी आपणहून धरला, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावाने. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नोंदवलं की ‘हरिजन’, ‘धोबी’ हे शब्द तथाकथित वरच्या जातींचे लोक अपमानासाठी, कुचेष्टेसाठी वापरतात. कधीकाळी सौम्य मानलेला शब्दही शिवी होतो तो असा.

समाजातला कवी आपल्या कवितेत तोच शब्द लिहितो, दोन मित्र हसत एकमेकांना हाक मारतात, तेव्हा बोलणारा आणि ऐकणारा दोघांनीही तो शब्द अंगावर झेललेला असतो. बाहेरच्या मित्राला ‘तूही म्हण, आपण भाऊ आहोत’ असं सांगितलं तर? त्या दोघांपुरती तक्रार होणार नाही, पण मेसमध्ये शेजारच्या टेबलावर बसलेल्याने ती परवानगी दिलेली नसते. माझं ठाम मत: बाहेरच्याने हा शब्द वापरू नये, मैत्रीतही नाही.

पत्रकात बौद्ध, मातंग, चर्मकार हे शब्द वापरा. वस्तीच्या नावांतही जात नको, म्हणून राज्य सरकारने डिसेंबर २०२०च्या निर्णयाने महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायला सांगितलं. मुलांच्या पत्त्यात जुनं नाव असेल तर हजेरीपटावरही तपासा.

---

खबरीजबाब

तक्रार टिकते कशी, यावर. केसचं भवितव्य बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासात, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठरतं. जबाबात हमखास येणारं वाक्य असं असतं:

‘सदर इसमाने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून दमदाटी केली.’

या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणता शब्द? कुठे उभं राहून? कोणी ऐकलं? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रमेशचंद्र वैश्य प्रकरणात म्हटलं की आरोपी नेमकं काय बोलला ते फिर्यादीत, निदान दोषारोपपत्रात तरी यायला हवं. तिथे शब्द कुठेच नव्हते, आणि ऐकणारे म्हणून फक्त फिर्यादी, त्याची बायको आणि मुलगा. टिकणारा जबाब असा लिहून घ्या:

‘दि. अमुक रोजी दुपारी १.१० वाजता कँटीनच्या काउंटरसमोर, सुमारे पंधरा विद्यार्थी हजर असताना, अमुक याने मला मोठ्याने “ए महारड्या, पायरी ओळखून राहा” असे म्हटले. मी हिंदू महार/बौद्ध जातीचा असून आरोपी एक वर्षापासून माझ्या वर्गात आहे व त्यास माझी जात माहीत आहे. आरोपी अमुक जातीचा आहे. हे शब्द अमुक, अमुक यांनी ऐकले.’

शिवी लिहायला लाज वाटते, हवालदारही ‘तसं लिहायचं नसतं’ म्हणतो. लिहायचंच, अवतरणचिन्हांत, जशीच्या तशी. साक्षीदारांत किमान एक-दोन नातेवाईक किंवा जिवलग मित्र सोडून हवेत. काउंटरवरचा कामगार, वॉचमन, दुसऱ्या वर्गातलं कोणी.

पोलीस बऱ्याचदा कलम ३५२ खाली एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून पावती हातात देतात. ती घेऊन परत येऊ नका. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दखलपात्र आहे, आणि २०१८च्या दुरुस्तीतल्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. जबाब सहीआधी वाचून दाखवणं आणि त्याची प्रत देणं ही कलम ४ खालची कर्तव्यं आहेत. सरकारी नोकराने ती जाणूनबुजून टाळली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे न्यायालय. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग करतात. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा (शहरात सहायक पोलीस आयुक्त). खालच्या अधिकाऱ्याने केला की बचाव पक्ष त्यावरच बोट ठेवतो. तपास संपवून दोषारोपपत्र दाखल करायची मुदत साठ दिवस. जातीचा दाखला पहिल्या आठवड्यातच द्या. अर्थसाहाय्य या दोन पोटकलमांसाठी एकूण एक लाख रुपये: गुन्हा नोंदल्यावर २५ हजार, दोषारोपपत्र गेल्यावर ५० हजार, शिक्षा झाल्यावर उरलेले २५. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पाठपुरावा करावा लागतो. आणि हे फार महत्त्वाचं: आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळायलाच हवी आणि त्याचं म्हणणं ऐकलं जायलाच हवं, कलम १५-अ.

---

पाटसकर_अ

सगळं एका बाजूने चाललंय. अटकपूर्व जामीन नाही म्हणजे कोणीही उठून कोणावरही टाकावी. त्यावर पण लिहा.

---

उलटतपास

लिहितो. कलम १८ अटकपूर्व जामीन नाकारतं हे बरोबर. मार्च २०१८ मध्ये कऱ्हाडच्या एका शासकीय महाविद्यालयातून गेलेल्या सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी मंजुरी, गुन्ह्याआधी चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, संसदेने १८-अ आणून त्या अटी काढल्या आणि फेब्रुवारी २०२०च्या पृथ्वीराज चौहान निकालात ते कलम वैध ठरलं. पण त्याच निकालात हेही आहे की फिर्याद वाचून प्रथमदर्शनी अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हाच दिसत नसेल, तर १८ ची आडकाठी राहत नाही. वर मी सांगितलेली प्रकरणं रद्द झाली तीसुद्धा याच कायद्याच्या अटींवर. म्हणजे चाळणी आहे.

आणि निर्दोष सुटणं म्हणजे खोटी केस हे समीकरण सोडा. साक्षीदार फितूर होतो, शब्द नोंदलेले नसतात, जातीचा दाखला फाइलला नसतो, यातल्या कशानेही केस पडते आणि यातल्या कशानेही शिवी दिली नव्हती असं ठरत नाही.

आरोपीवर परिणाम शिक्षेआधीच सुरू होतात, तेही मुलांना कळू द्या. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. कॉलेजात महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ जोडीने लागू शकतो: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची असते. बंद खोलीत घडलेल्या, (आर)-(एस) मध्ये न बसणाऱ्या प्रकारांसाठी हा रस्ता जास्त कामाचा आहे, पत्रकात ठळक छापा.

---

दिबांग

‘चिंकी’बद्दल. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला असं हिणवलं तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो. मेख ‘अनुसूचित जमातीच्या’ या शब्दांत आहे. नागा, मिझो, खासी मुलगा त्यात येतो. मणिपूरचा मैतेई येत नाही, कारण मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत. शिवी तीच, चेहऱ्यावरूनच दिलेली, पण संरक्षण एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलचा तरुण निडो तानिया मारहाणीनंतर दगावला, त्यानंतर बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवण्याविरुद्ध स्वतंत्र कलमं सुचवली. नव्या न्याय संहितेतही ती आलेली नाहीत. त्यामुळे मैतेई विद्यार्थ्यासाठी कलम ३५२ आणि रॅगिंग कायदा एवढंच हातात राहतं. मला हे अत्यंत अन्यायाचं वाटतं.

महाराष्ट्रातही अशीच दरी आहे. भटक्या-विमुक्तांना हा कायदा आपोआप लागत नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. दाखला कोणत्या जिल्ह्याचा ते आधी पाहा. दाखला दुसऱ्या राज्यातला असेल तर मात्र घाबरू नका, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की या कायद्याचं संरक्षण त्या व्यक्तीच्या राज्यापुरतं मर्यादित नाही.

---

टीनेक_न्यूजर्सी

इथे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी दोन ओळी. अमेरिकेत काळ्या लोकांसाठीचा ‘एन’ने सुरू होणारा शब्द उच्चारणं हा फौजदारी गुन्हा नाही, राज्यघटनेची पहिली दुरुस्ती बोलण्याला संरक्षण देते. म्हणून आपली मुलं गाण्यातला शब्द सहज म्हणून जातात. पण नोकरीत १९६४चा नागरी हक्क कायदा आहे आणि तिथे ‘आम्ही आपसात म्हणतो’ हा बचावही चालेलच असं नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात काळ्या कर्मचारी महिलेला काळ्याच वरिष्ठाने तो शब्द वापरला होता. ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला, भरपाई अडीच लाख डॉलर, वर दंडात्मक रक्कम वेगळी. भारतात आरोपीची जात पाहिली जाते, इथे कामाच्या ठिकाणी ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला ते पाहतात. भारतीयाने तर तो शब्द, गाण्यातलाही, तोंडात घेऊच नये.

---

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाचा आराखडा पूर्ण बदलतोय. एकच राहिलं: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. अ‍ॅडमिन जबाबदार असतो का, आणि मेसेज डिलीट झाला तर?

---

उलटतपास

ऑनलाइन मजकुराबद्दल केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ ज्या ज्या वेळी कोणी पाहतं, त्या त्या वेळी पीडित तिथे हजर असल्यासारखंच आहे. दोनशे जणांच्या वर्गाच्या ग्रुपवर पीडिताचं नाव घेऊन लिहिलेला मजकूर लोकांच्या नजरेतला आहे असं मांडता येतं. दोघांतला खासगी मेसेज तसा नाही. अ‍ॅडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं: समान उद्देश किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला आरोपी करता येत नाही.

खबरीजबाब

डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, पण त्यावर थांबू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि ग्रुपची सदस्यसंख्या दिसेल असे तीन वेगळे स्क्रीनशॉट हवेत. नाव ‘सेव्ह’ केलेलं असेल तर संपर्क उघडून नंबर दाखवणारा चौथा. मग चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा. ग्रुप सोडू नका, फोन बदलू नका, रीसेट करू नका, कारण तपास अधिकारी मूळ फोन पंचनाम्याने ताब्यात मागू शकतो. न्यायालयात छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोनधारकाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची असते. त्याचा कोरा नमुना पत्रकाच्या शेवटच्या पानावर छापून टाका.